नकाशावरचं साम्राज्य आणि प्रत्यक्षातलं सैन्य: कुणात किती दम होता हे कसं तपासायचं

जगातल्या बलाढ्य साम्राज्यांची यादी निघाली की पहिला पुरावा म्हणून नकाशा पुढे येतो, अर्धा खंड एका रंगात रंगवलेला, आणि मग एवढ्यांना कोण हरवणार होतं असा सूर लागतो. मला हे मनापासून खटकतं. त्या रंगाखाली प्रत्यक्षात किती फौज पोचत होती, ती काय खात होती, तिला पगार मिळत होता का, पावसाळ्यात ती कुठे अडकत होती, हे कुणी विचारतच नाही. म्हणून साम्राज्याची लष्करी ताकद तपासायची एक साधी पद्धत इथे लिहितोय. उदाहरण मुख्यतः मुघलांचं घेतलंय कारण औरंगजेबाची पंचवीस वर्षांची दख्खन मोहीम आपल्याच घाटमाथ्यावर घडली, ती ठिकाणं आपल्याला माहितीयत, आणि कागदावरची ताकद आणि खरी ताकद यातला फरक जितका तिथे दिसतो तितका फार कमी ठिकाणी दिसतो.

सुरुवात करताना ‘मुघल किती ताकदवान होते’ असा मोघम प्रश्न घ्यायचाच नाही, त्यातून फक्त अभिमान नाहीतर राग बाहेर पडतो. एक मोहीम घ्या, एक साल घ्या, एक सेनापती घ्या. शाहिस्तेखानाचंच बघा ना. 1663 ला पुण्यात लाल महालात बोटं गमावून बसलेला खान, आपल्याकडे त्याची गोष्ट तिथेच संपते, पण हाच माणूस पुढे बंगालचा सुभेदार झाला आणि 1666 ला त्याच्या फौजेनं आराकानच्या राजाकडून चितगाव घेतलं. माणूस तोच, बादशहा तोच, खजिना तोच. फरक होता तो मुलखाचा. बंगालमध्ये माल आणि माणूस नदीतून नावेनं जात होता, खानानं त्यासाठी आरमार नव्यानं उभं केलं होतं, आणि चितगावच्या फिरंग्यांना, म्हणजे तिथल्या पोर्तुगीजांना, आधीच फोडून आपल्या बाजूला आणलं होतं. सह्याद्रीत यातलं काहीच चालण्यासारखं नव्हतं. तेव्हा ‘शाहिस्तेखान नालायक’ हेही खरं नाही आणि ‘मुघल अजिंक्य’ हेही नाही, विचारायचं ते हे की कुठे, कधी आणि कुणाविरुद्ध.

मग नकाशाकडे वळा, पण नकाशाचं साल बघा आणि त्या सालात रंगवलेल्या भागात काय चाललं होतं ते शोधा. विजापूर 1686 ला पडलं, गोवळकोंडा 1687 ला पडलं, 1689 ला संभाजी महाराज पकडले गेले आणि त्यांची हत्या झाली, त्याच वर्षाअखेर रायगडही गेला. त्यामुळे 1690 च्या आसपासचा नकाशा काढला तर जवळजवळ पूर्ण हिंदुस्थान मुघलांचा दिसतो, आणि बरेच लोक हाच नकाशा सर्वोच्च ताकदीचा म्हणून दाखवतात. पण त्याच काळात राजाराम महाराज तमिळ मुलखातल्या जिंजीच्या किल्ल्यात बसले होते, मुघल सेनापती झुल्फिकारखानाचा वेढा 1690 ते 1698 असा चालला, मध्ये एकदा तर वेढा घालणाराच कोंडला गेला आणि त्याला वांदिवाशपर्यंत माघार घ्यावी लागली. शेवटी किल्ला मिळाला तेव्हा राजाराम महाराज आधीच निसटले होते. रंगवलेल्या भागासाठी एकच प्रश्न ठेवा, तिथून सरकारी खजिना मोठ्या बंदोबस्ताशिवाय चार मुक्काम पुढे जाऊ शकत होता का? जात नसेल, आणि त्याच गावातून दुसरंच कुणी चौथाई (महसुलाचा चौथा हिस्सा) वसूल करत असेल, तर तो रंग फिका करा.

आता आकडे. फौजेचा आकडा दिसला की तो कागदावरचा आहे की हजेरीतला हे आधी बघायचं. मुघलांची मनसबदारी, म्हणजे सरदारांना दर्जा आणि फौजेचा आकडा ठरवून द्यायची पद्धत, यासाठी फार चांगलं उदाहरण आहे. मनसबदाराच्या नावापुढे जात आणि सवार असे दोन आकडे असायचे, जात म्हणजे त्याचा दर्जा आणि स्वतःचा पगार, सवार म्हणजे त्यानं ठेवायचे घोडेस्वार. वाचणारा ‘पाच हजारी’ म्हटलं की पाच हजार स्वार धरतो आणि तिथेच फसतो. सवारचा आकडासुद्धा पूर्ण भरायचा नसे. शहाजहानच्या काळात नियमच असा ठरला की जहागीर ज्या सुभ्यात आहे तिथेच नोकरी असेल तर आकड्याच्या एक तृतीयांश स्वार आणायचे, दुसऱ्या सुभ्यात असेल तर एक चतुर्थांश, आणि हिंदुकुशपलीकडच्या बल्ख-बदख्शानच्या मोहिमेवर तर एक पंचमांश. म्हणजे कागदावर 5,000 सवार असलेला सरदार हिंदुकुशपलीकडे हजारभर स्वार घेऊन उभा राहिला तरी तो नियमाप्रमाणेच वागत होता. घोड्यांना डाग द्यायची पद्धत होती, स्वारांचे चेहरे लिहून घ्यायची पद्धत होती, आणि ही सगळी व्यवस्था आली कुठून तर हजेरीला उसने घोडे आणि भाड्याची माणसं उभी राहत होती म्हणूनच. पुढे दख्खनमध्ये जहागिऱ्या कागदावर मिळायच्या आणि त्या गावातून वसूल काहीच यायचा नाही, मग सरदारानं स्वार ठेवायचे कशाच्या जोरावर? त्यामुळे कुठल्याही साम्राज्याचा ‘एकूण सैन्य अमुक लाख’ असा आकडा आला की तो लगेच बाजूला ठेवा, आणि त्या दिवशी त्या मैदानावर किती होते तेवढंच धरा.

यापुढचं काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि तेच सगळ्यात कमी केलं जातं, ते म्हणजे दाणावैरणीचा हिशोब. लढाईची वर्णनं सगळे वाचतात, पण घोडा रोज खातो आणि लढाई वर्षातून एकदोनदा होते. वही-पेन घ्या. 1695 ला जेमेली करेरी नावाचा इटालियन प्रवासी कृष्णेकाठी गलगल्याला औरंगजेबाच्या छावणीत येऊन गेला, त्यानं छावणीत 60,000 घोडदळ, लाखभर पायदळ, शिवाय उंट, हत्ती, बाजार, असं सगळं मिळून पाच लाख माणसं आणि तीस मैलांचा घेर सांगितलाय. प्रवाशाचा आकडा आहे, फुगलेला असू शकतो, तरी हिशोबासाठी घेऊ. एका घोड्याला दाणा आणि वैरण मिळून रोज साधारण 8 किलो धरा, 60,000 घोड्यांना झाले 4,80,000 किलो, म्हणजे 480 टन, दर दिवसाला. पाठीवर गोणी लादलेला बैल साधारण 120 किलो नेतो असं धरलं तर रोज 4,000 बैल छावणीत पोचले पाहिजेत. आणि दाणा दहा दिवसांच्या वाटेवरून येणार असेल तर दहा दिवस यायला, दहा जायला, म्हणजे वाटेवर सतत 80,000 बैल चालत असले पाहिजेत, आणि यात माणसांचं खाणं नाही, हत्ती नाहीत, उंट नाहीत, त्या बैलांचं स्वतःचं खाणंही नाही. उघड आहे की एवढं सगळं लांबून येऊच शकत नव्हतं, छावणी आसपासच्या गावांचा कडबा आणि माळावरचं गवत खाऊन जगायची, ते संपलं की हलायची, आणि जिथे जायची तिथे पुन्हा तेच. पन्नास कोसांतल्या रयतेनं त्या पंचवीस वर्षांत काय सोसलं असेल याचा अंदाज हा हिशोब केल्याशिवाय येतच नाही. हे आकडे अंदाजाचे आहेत, कमीजास्त करून बघा, पण कितीही कमी केले तरी एक गोष्ट हटत नाही, सैन्य मोठं झालं की ते हळू होतं आणि एका जागी फार थांबू शकत नाही.

हे एकदा समजलं की संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव नेमकं काय करत होते ते वेगळ्याच तऱ्हेनं दिसायला लागतं. बंजाऱ्यांचे धान्याचे तांडे लुटणं, चंदीला (घोड्यांचा दाणा आणायला) बाहेर पडलेल्या टोळ्या कापणं, मागून येणारा खजिना अडवणं, याला कुणी नुसती लूटमार म्हणतं तेव्हा मला वाईट वाटतं, कारण हाच त्या युद्धाचा गाभा होता. दोड्डेरीचा प्रसंग बारकाईनं बघा. 1695 चा शेवट, चित्रदुर्गाजवळचा मुलूख. मुघल सरदार कासीमखान संताजींना अडवायला निघाला, सोबत खानाजादखान आणि इतर बडे सरदार, तंबू-कनाती, सरंजाम, सगळं थाटात. संताजींनी आधी हात घातला तो पुढे पाठवलेल्या तंबूंवर आणि सामानावर. ते वाचवायला एक तुकडी धावली, तिच्या मागे दुसरी, आणि मुख्य फौज लढत लढत दोड्डेरीच्या लहानशा गढीपर्यंत ढकलली गेली. गढीत साठा किती असणार, सरदार आत शिरले, बाकीचे तटाबाहेर, आणि मराठ्यांनी वेढा आवळला. थोड्याच दिवसांत धान्य संपलं, जनावरांना घालायला छपरांचं गवत उपसायची वेळ आली. कासीमखान तिथेच मेला, उरलेल्यांनी मोठी खंडणी कबूल करून जीव वाचवला. तोफखाना होता, अनुभवी सरदार होते, शौर्यही होतं, फक्त खायला नव्हतं.

दाणावैरणीसोबत ऋतू आणि वाट बघायची. 1684 ला औरंगजेबाचा मुलगा शहजादा शाहआलम रामघाट उतरून कोकणात गेला, सुरतेहून समुद्रमार्गे येणारी रसद मराठ्यांनी अडवली, आणि उपासमार आणि रोगराईनं फौजेची इतकी दैना झाली की परतल्यावर ती फौज म्हणायच्या लायकीची राहिली नव्हती. 1702 ला खुद्द बादशहा विशाळगड घेऊन ऐन पावसात पन्हाळ्याकडे निघाला, अंतर पन्नासेक किलोमीटर, लागला महिन्याहून जास्त. ज्यांनी आंबा घाटातला जून-जुलै बघितलाय त्यांना यात नवल वाटणार नाही. मी तर म्हणेन की कुठल्याही दख्खन मोहिमेच्या तारखा आधी पंचांगावर टाका आणि मगच पुढचं वाचा.

सह्याद्रीत असं झालं, मग मुघलांना दुसरीकडे हीच मर्यादा आली का, हेही तपासलं पाहिजे, नाहीतर आपल्या सोयीचं एकच उदाहरण घेतल्यासारखं होतं. तर आली. 1646-47 ला बल्ख घेतलं आणि पुढच्याच हिवाळ्याच्या तोंडावर सोडून हिंदुकुशच्या बर्फातून परतताना हजारो माणसं आणि जनावरं गेली. कंदाहारला 1649, 1652 आणि 1653 असे तीन वेढे घातले, तिन्ही फसले. आसामात मुघल सेनापती मीर जुमला 1662 ला थेट अहोमांच्या राजधानीत, गढगावात घुसला, पावसानं वाटा तोडल्या, आणि तह करून परतताना 1663 ला तो वारला, आणि पुढे 1671 ला सराईघाटला अहोम सेनापती लचित बडफुकननं ब्रह्मपुत्रेवर मुघल आरमार मोडलं. डोंगर, बर्फ, पूर, लांबची वाट. सपाट मुलखात जी फौज सगळ्यांना भारी पडायची ती इथे थांबत होती.

किल्ले जिंकल्याची यादी आली की किंमत आणि मुदत विचारायची. 1699 पासून औरंगजेबानं स्वतः किल्ल्यांची मोहीम काढली, वसंतगड, सातारा, परळी, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा, यादी मोठी आणि ऐकायला जबरदस्त. पण किल्ला कसा आला ते बघा. साताऱ्याचा वेढा डिसेंबर 1699 ते एप्रिल 1700, प्रयागजी प्रभू किल्ला लढवत होते, मुघलांनी सुरुंग लावला तो उलटा फुटून त्यांचीच सुमारे दोन हजार माणसं ढिगाऱ्याखाली गेली, आणि किल्ला ताब्यात आला तो राजाराम महाराजांच्या निधनानंतर बोलणी होऊन. विशाळगडासाठी रोख रक्कम मोजली. बहुतेक ठिकाणी हाच प्रकार, लढून घेतला असं म्हणता येतं ते तोरण्याबद्दल. मराठे वेढा लांबवायचे, पावसाळा जवळ आणायचे, बादशहाकडून पैसा घेऊन किल्ला द्यायचे आणि बादशहाची पाठ वळली की परत घ्यायचे, यातले बरेच किल्ले काही वर्षांतच परत आले. पती गेल्यावर महाराणी ताराबाईंनी हे सगळं ज्या हिमतीनं चालवलं त्याला तोड नाही. नाशिकजवळचा रामशेज तर दख्खन मोहिमेच्या सुरुवातीलाच पाचेक वर्षं मुघलांना दाद देत नव्हता, यावरून पुढचं चित्र दिसायला हवं होतं. रोमलाही हाच प्रश्न लावा, सम्राट ट्राजन इसवी सन 116 ला पार्थियनांची राजधानी टेसिफोन घेऊन इराणच्या आखातापर्यंत पोचला आणि पुढच्याच वर्षी त्याच्यामागून आलेल्या हेड्रियननं ते प्रांत सोडून दिले, पण रोमचा सर्वात मोठा नकाशा म्हणून आजही तोच दाखवतात.

याची उलटी बाजूही तितकीच जपायची. एक पराभव दाखवून अख्खं साम्राज्य पोकळ ठरवणं ही पण चूकच. मंगोलांबद्दल हे फार होतं. 1260 ला पॅलेस्टाइनमधल्या ऐन जालूतला इजिप्तच्या मामलुकांनी त्यांना हरवलं हे खरं, पण तेव्हा मंगोलांचा सर्वोच्च खान मोंगके याच्या मृत्यूमुळे त्याचा भाऊ हुलागू मुख्य फौज घेऊन मागे फिरला होता, मागे सेनापती कितबुकाकडे लहान हिस्सा होता, आणि सीरियात एवढ्या घोड्यांना पुरेल इतकं कुरण नव्हतं, हेही त्याच वाक्यात सांगायला हवं. तेव्हा मुख्य सैन्य तिथे होतं का हे बघा. मात्र व्हिएतनामबाबत अशी सबब चालत नाही. 1288 ला तिथे रसदेची जहाजं वान डोनजवळ बुडवली गेली, उपाशी फौज परत निघाली, आणि बाख डांग नदीत रोवलेल्या खांबांवर तिचं आरमार अडकवून व्हिएतनामी सेनापती त्रान हुंग दाओनं ते संपवलं. म्हणजे फिरून गाडी दाण्यावरच आली.

आणि हे सगळं मराठ्यांनाही लावायचं, तिथे हात आखडला तर बाकीचा सगळा अभ्यास वाया. अटकेपार झेंडे लावले, 1758 चा तो नकाशा बघून ऊर भरून येतो, माझाही येतो. पण तोच प्रश्न विचारा, तिथे किती फौज कायम राहिली, तिचा पगार कुठून यायचा, त्या मुलखाचा वसूल खर्चाला पुरत होता का. राघोबादादा त्या मोहिमेवरून परतले ते डोक्यावर कर्ज घेऊन. 1760 ला भाऊसाहेब दिल्लीत पोचले तेव्हा पैशाची इतकी ओढ होती की दिवाण-ए-खासचं चांदीचं छत उतरवून नाणी पाडावी लागली. कुंजपुरा घेतला, पण मागे अब्दाली यमुना उतरून दिल्लीच्या वाटेवर आला, दुआबातून रसद गोळा करणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले, आणि पानिपतावर नोव्हेंबर ते 14 जानेवारी 1761 असे अडीच महिने लढवय्ये, बाजारबुणगे, यात्रेकरू, बायका-मुलं सगळी एका छावणीत. शेवटी भाऊसाहेब बाहेर पडले तेव्हा उपाशी मरण्यापेक्षा लढू हाच पर्याय उरला होता. विश्वासराव, भाऊ, जनकोजी यांच्या पराक्रमाला यानं बाधा येत नाही. उलट किती वाईट परिस्थितीत ते लढले हे तेव्हाच कळतं.

पहिल्यांदा करून बघायचं असेल तर औरंगजेबाची पंचवीस वर्षं घेऊ नका, फार पसरट आहे. 1778-79 ची वडगावची मोहीम घ्या, छोटी आहे आणि मुंबई-पुणे प्रवास करणाऱ्या कुणालाही ठिकाणं तोंडपाठ आहेत. इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीची फौज राघोबादादांना घेऊन नोव्हेंबर 1778 ला मुंबईहून निघाली, लढणारे चार हजारांच्या आत आणि सामानाचे बैल 19,000. बोरघाट चढून वर आल्यावर चाल इतकी मंद की तळेगावला पोचेपर्यंत 9 जानेवारी उजाडला, वाटेत कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट मारला गेला, ज्याला आपल्याकडे इष्टुर फाकडा म्हणून आजही ओळखतात. तळेगाव मराठ्यांनी आधीच रिकामं करून जाळलेलं, पुण्यापर्यंत तेच करायची तयारी, धान्य नाही, चारा नाही. 11 च्या रात्री जड तोफा तळ्यात ढकलून फौज मागे फिरली, महादजी शिंद्यांनी वडगावला घेरलं आणि तह लिहून घेतला. खोपोली, खंडाळा, कार्ले, तळेगाव, वडगाव अशी ठिकाणं कागदावर मांडा, प्रत्येकापुढे तारीख, अंतर आणि तिथे दाणा मिळाला का एवढंच लिहा.

मग त्याच कागदावर शेजारी 1803 मांडा. कंपनी तीच, पण या वेळी सेनापती आर्थर वेलस्ली म्हैसूरकडून आला, हैदर-टिपूच्या कारखान्यातले अमृतमहाल जातीचे चालीला वेगवान बैल घेऊन, नद्या उतरायला नावांची सोय करून, शिपायांचा पगार वेळेवर देऊन, आणि शिंद्यांच्या कंपूतल्या (कवायती पलटणींतल्या) इंग्रज अधिकाऱ्यांना आधीच बाहेर काढून. एप्रिलमध्ये पुणे, ऑगस्टमध्ये अहमदनगरचा किल्ला, 23 सप्टेंबरला असई. असईला शिंद्यांच्या तोफांनी वेलस्लीची फौज भाजून काढली, इंग्रजांचं नुकसान प्रचंड झालं, तरी निकाल त्यांच्या बाजूनं गेला. दोन्ही रकाने शेजारी ठेवून फरक कुठे कुठे पडलाय त्याखाली रेघ ओढा.